एका वायरीच्या दोन जावा

धुलाईघरात वाफ अशी दाटायची की शेजारचं माणूससुद्धा धुक्यातून चालत आल्यासारखं वाटावं. तापलेल्या रुळाखाली ओल्या चादरी सोडायचं काम दोघी जावांचं. चादरीचं एक टोक थोरलीच्या हाती, दुसरं धाकटीच्या. धाकटी कायम थोरलीच्या उजव्या हाताला. मधे एकच इअरफोन: एक बोंड थोरलीच्या उजव्या कानात, एक धाकटीच्या डाव्या. मोबाइलवर गोष्ट चालायची, एक हसली की दुसरी हसायची, आणि चादर वाकडी जायची.

"सख्ख्या बहिणी तरी अशा एका दोरीत बांधून घेतील का गं?" बाकीच्या बायका चिडवायच्या.

"बहिणी निवडता येत नाहीत," थोरली म्हणायची, "आणि जावा तर त्याहून नाहीत. मिळाली ती गोड मानून घेतली."

धाकटीचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आईने बजावून पाठवलं होतं, सासरी कुणाला कळू देऊ नकोस. म्हणून ती बोंड ओढणीला गुपचूप पुसायची आणि डबीत टाकायची. एके दिवशी घाईत बोंडांची अदलाबदल झाली. ओलसर डागाचं बोंड थोरलीने कानात घातलेलं धाकटीने पाहिलं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गोष्ट सुरू झाली. उघडलेलं तोंड तिने मिटून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात थोरलीचा उजवा कान सुजला. डॉक्टरांनी औषध घालून कापूस बसवला आणि विचारलं, "कान कशाने कोरता?" एवढंसं विचारणं, पण थोरलीच्या जिव्हारी लागलं. दिवसभर जगाच्या चादरी स्वच्छ करणारी मी, आणि माझाच कान घाण! तिने उशीचे अभ्रे उकळले, टॉवेल वेगळा टांगला, इअरफोन फेकून दिला.

"माझ्यामुळे तुला काही झालं असतं, तर भाऊजींना काय तोंड दाखवलं असतं मी?"

धाकटी मान खाली घालून चादर ओढत राहिली. रुळाखाली चादरीऐवजी आपणच सपाट होऊन जावं, असं तिला वाटलं.

सुटीच्या दिवशी थोरली तिला दुकानात घेऊन गेली.

"दोन इअरफोन दाखवा. हिचा वेगळा, माझा वेगळा. आमच्याकडे वाफ फार, तेव्हा टिकाऊ हवा. आणि धुता यायला हवा. माझा कान घाणेरडा आहे हो, लपवायचं काय त्यात!"

"मावशी, कान सगळ्यांचेच मळतात," दुकानदार हसला. त्याने एक नमुना काढला. "ही रबरी टोपी अशी निघते. साबणाच्या पाण्यात धुवायची, खडखडीत वाळली की बसवायची. आत जाळी आहे, ती कोरड्या ब्रशने झाडायची, तिला पाणी नाही लावायचं. स्पंजवाले घेऊ नका, ओल धरतात. आणि वायर पिनपाशी जाड बघायची. तुटते ती जोडापाशीच."

"घराचंही तसंच," थोरली म्हणाली. "जोडापाशीच तुटतं."

"ताई, तुम्ही बघा बसतो का नीट," म्हणत दुकानदाराने नमुना धाकटीला दिला. सवयीने तिने तो डाव्या कानात घातला. मग दचकून काढला. टोपीच्या कडेला ओल चमकत होती.

"ताई," ती पुटपुटली, "घाण माझ्या कानाची होती."

थोरली वायर बोटाला गुंडाळून बघत होती. तिने मानही वळवली नाही. धाकटी नेहमीच्याच बाजूला उभी होती, आणि त्या कानात कापूस होता.

तिथेच राहून गेलं असतं. शब्द बाहेर पडला होता, कुणाला पोचला नव्हता. धाकटीला क्षणभर सुटल्यासारखंच वाटलं, आणि त्या सुटण्याचीच तिला शिसारी आली.

"काही म्हणालीस का गं? मोठ्याने बोल की."

"घाण माझ्या कानाची होती!" ती जवळजवळ ओरडलीच. "माझा कान वाहतो. तुम्ही माझं बोंड घातलंत. मी बघितलं, आणि गप्प बसले!"

शेजारी मोबाइल बघणारी दोन माणसं वळली. दुकानदाराचा हात काउंटरवरच थांबला.

थोरलीने बोटाची वायर सोडवून खाली ठेवली. "मी अभ्रे उकळत होते," ती हळूच म्हणाली. "तू बादली धरली होतीस."

"हो."

"धरली होतीस आणि बघत होतीस."

दुकानदाराने फडकं उचलून नमुन्याकडे हात केला. धाकटीने ते त्याच्या हातातून घेतलं, टोपी काढली आणि पुसू लागली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आतून, बाहेरून, कडेकडेने.

"पुरे, झिजेल ती," थोरली म्हणाली. मग दुकानदाराकडे वळली. "हा पुसलेला आम्हीच घेतो. आणि असाच एक नवा. टोप्या निघणाराच."

पिशवी तिने स्वतःच घेतली. दारापाशी थांबली, मागे न बघता म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, तुझा कान दाखवायला. मी येते बरोबर. बोलणार नाही तुझ्याशी. पण येते."