गाईंच्या वाटेवरचा पूल

मित्रांनो, माझ्यावरून शेवटची आगगाडी गेली तेव्हा तुमचे आजोबासुद्धा लहान असतील. पण अजून माझे पाय नदीत घट्ट रोवलेले आहेत. आयर्लंडच्या पश्चिमेला, काळसर पाण्याच्या नदीवर मी उभा आहे. मी लोखंडी आहे, जुना आहे आणि थोडा चिडकाही आहे.

लाल तापलेले रिव्हेट, म्हणजे जाड लोखंडी खिळे, ठोकून माणसांनी मला जोडलं. मग वर्षानुवर्षं मी गाड्या पेलल्या. मासळी, मेंढ्या, परदेशी निघालेली रडवेली मुलं, सगळी माझ्यावरून गेली. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उखडून नेले आणि मला सगळे विसरले. विसरला नाही तो एकटा फेस्टी. त्याची शेतं नदीच्या दोन्ही काठांना. त्याने माझ्यावर फळ्या टाकल्या आणि रोज संध्याकाळी दूध काढायला गाई माझ्यावरून नेऊ लागला. शेणाचा वास मला आवडत नसे, पण सोबत आवडत असे.

मग शेजारची डिम्फना उठली. या जुन्या रेल्वेमार्गावर चालायची आणि सायकलची वाट करायची, असं तिने गावाला पटवलं. फेस्टी भडकला.

"तुमच्या घंट्या ऐकून माझ्या गाईंनी पान्हा चोरला, तर तो सोडवायला तू येणार का?"

"तुझ्या गाई, तुझा पूल, तुझीच नदी! पाऊससुद्धा तुलाच विचारून पडतो वाटतं?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

शेवटी सरकारी अधिकारी म्हणाले, एक दिवस वाट चालवून पाहू. काही विपरीत घडलं तर बेत रद्द, आणि पूल तोडून भंगारात. मित्रांनो, ते ऐकून मी हबकलो. माझा मधला कठडा अजून बसायचा होता. तिथे नुसता दोर बांधला होता, खाली खळाळतं पाणी.

सायकलवाल्यांनी दुधाच्या वेळेआधी परतायचं ठरलं होतं. पण आमच्याकडे पाहुण्याला एका कपावर सोडणं म्हणजे त्याचा अपमान. डिम्फना चहा ओतत राहिली, पाव कापत राहिली आणि उशीर झाला. फेस्टीही हट्टाला पेटला. त्याने ठरल्या वेळेला गाई सोडल्या.

माझ्या मधोमध दोन्ही गट समोरासमोर आले. पुढची तांबडी गाय पिवळी शिरस्त्राणं पाहून बुजली. मागच्या गाई रेटत होत्या. तेवढ्यात एका शहरी पाहुण्याने गाय हटावी म्हणून घंटी वाजवली. गाय आडवी वळली, थेट दोराकडे. माझी एकेक फळी थरथरत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं.

डिम्फनाने सायकल टाकली. दोराजवळ धावली, नदीकडे पाठ केली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"घंटी बंद करा! मागे सरका सगळे! फेस्टी, मागून रेटू देऊ नकोस रे!"

"थोपवल्यात! तू हलू नकोस, डिम्फना!"

गाईचा गरम श्वास तिच्या छातीवर येत होता. ती हलली नाही. "हो बाई, हो गं," ती हळूच म्हणत राहिली. गाईने मान झटकली, वळली आणि आल्या वाटेने परत निघाली. तिच्याबरोबर सगळा कळपही वळला.

आमच्याकडे हीच रीत आहे. जनावरं उधळली की वाटेवर जो असेल तो मोकळ्या जागी आडवा उभा राहतो. गाई कोणाच्या, भांडण कोणाशी, हे तेव्हा कोणी पाहत नाही.

सायकलवाल्यांबरोबर आलेले अधिकारी मान हलवत म्हणाले, "आता हे बंदच करावं लागेल."

"बंद कशाला?" फेस्टी गुरगुरला. "कठडा बसवा, दोन्ही टोकांना फाटक लावा. संध्याकाळी आधी माझ्या गाई, मग तुम्ही." मग तो तिच्याकडे वळला. "दुसरा कप देत बसली होतीस ना?"

"तिसरा," डिम्फना म्हणाली आणि पडलेली सायकल उचलू लागली.

मित्रांनो, तुम्हीही या. खुशाल चाला, सायकल चालवा. वर्षाला एकदा मला रंग द्या, गंज मला आतून खातो. आणि समोरून गाई आल्या तर घंटी वाजवू नका. खाली उतरा, आणि त्या उधळल्या तर मोकळी जागा दिसेल तिथे हात पसरून उभे राहा. मदतीला या, म्हणून तुम्हाला कोणी हाक मारणार नाही; आमच्याकडे न बोलावताच उभं राहायचं असतं.