गिअरच्या सळईची धास्ती

मी एका जुन्या मोटारीच्या पोटाखालची गिअरची सळई आहे. मित्रांनो, वरचा दांडा तुम्हाला दिसतो. त्याचा हुकूम खाली पोचवते ती मी. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या एका डोंगरगावात साठ वर्षं मी हे काम इमानाने केलं. माझ्या टोकाचा गोळा एका रबरी बुशात, म्हणजे वाटीसारख्या कड्यात, घट्ट बसतो. तो बुश शाबूत, तर मी शाबूत.

दोन वर्षांपूर्वी बदललेला बुश जागेवर बसेना, तेव्हा मालक स्टामाटिसने त्याला ऑलिव्हचं तेल चोळलं. या गावात बिजागरी कुरकुरली तरी तेल, पोट दुखलं तरी तेल! बुश सुळकन बसला खरा. पण तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. गेल्या महिन्यात घाटात गिअर बदलतानाच ते फाटलं आणि मी निसटले. मोटार ना तिसऱ्यात ना दुसऱ्यात, आणि ब्रेक तापलेले. दगडी कठड्याला घासत ती कशीबशी थांबली. पलीकडे दरी होती. तेव्हापासून माझा थरकाप गेलेला नाही.

आज स्टामाटिस नवा बुश घेऊन बसला, आणि घरात त्याच्या लेकीला, आन्थुलाला, कळा सुरू झाल्या. इस्पितळ घाटाखाली. तो अंगठ्याने दाबत होता, बुश काही केल्या आत जात नव्हता. त्याचा हात तेलाच्या बुधलीकडे गेला. मी ओरडले असते हो, पण लोखंडाला कुठली वाचा?

“ठेव ती बुधली!” त्याची बायको कल्लिओपी दारातून कडाडली. “मागे तेल पाजलंस, तर देवाघरीच पोचलो होतो आपण.”

“अगं, पोरगी कळा देतेय आणि तू मला शिकवतेस?”

“म्हणूनच शिकवतेय. तेल देवमातेच्या दिव्याला राहू दे. सरक, म्हाताऱ्या!”

तिने बुश कढत पाण्यात टाकला, मऊ झाल्यावर रबराला न खाणारा ओला साबण चोळला, छातीवर क्रूस काढला. तिने पकडीने धरायचं, त्याने दाबायचं. दोनदा तो वाकडा होऊन निसटला. आन्थुला कण्हली की चारही हात थांबत. अखेर ‘टक्’ झालं.

आन्थुलाला मागे बसवून निघालो, आणि घाट लागला. तेच वळण. स्टामाटिसने दांडा ओढला. मी डोळे मिटून जोर लावला. दुसरा गिअर पडला, आणि टिकला.

तिघं इस्पितळात गेली. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, घाई झाली की माणूस सोपं तेच करतो, आणि मोटारीखाली पुन्हा कुणी वाकत नाही. तुम्ही मात्र वाकून बघा. परतताना या मोटारीत एक इवलासा जीव जास्त असेल. मोटार बाहेर उन्हात उभी आहे, आणि तिच्या पोटाखाली मला आधीपेक्षाही जास्त भीती वाटते आहे.