दुखून राहिलं का?

रामाकोन्याच्या गुणवंताचा दिवस आठवडाभर एकाच प्रश्नाने उजाडत होता. डोळे उघडले की चहा नाही, तोंड धुणं नाही, आधी बायकोच्या खाटेशी जाऊन विचारायचं, "अवं, दुखून राहिलं का?" शकुंतला दात आवळून "हो" म्हणायची आणि या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, नवरा आहे की कसाई!

पण त्याला कारण होतं. शकुंतला म्हणजे लांब रोट्यांचा हुकमी हात. सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत ताणायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद टाकायची. किती ताणायचं ते डोळ्यांना नाही, तिच्या हाताच्या कातडीला कळायचं. सौंसरला एका साक्षगंधाच्या जेवणावळीत रोटी टाकता टाकता मडकं तडकलं, तिचा तोल गेला आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत तापल्या खापरावर टेकला.

सौंसरच्या डॉक्टरांनी जखम पाहून विचारलं होतं, "दुखतंय ना? मग चांगलं आहे, कातडी जिवंत आहे. भाजलेलं दुखेनासं झालं, की समजा खोल गेलं. मग मांडीची कातडी काढून लावावी लागते, आणि तिला पहिल्यासारखं काही कळत नाही." गुणवंताने एवढं बोलणं मनात गाठ मारून ठेवलं.

सहाव्या दिवशी मात्र शकुंतला रडकुंडीला आली. पट्टी बदलताना जुनी जाळी जखमेला चिकटून यायची आणि तिची किंकाळी गल्लीभर ऐकू जायची. शेजारच्या करुणाने पांढुर्ण्याचा एक दवाखाना सुचवला. तिथल्या अमिता मॅडमनी जखम नीट तपासली, धुतली आणि तिच्यावर एक ओली, मऊ, आरपार दिसणारी पट्टी बसवली. दुधावरची साय उचलून ठेवावी तशी. "यातून औषध आपोआप झिरपत राहील. पाच दिवस काढायची नाही," एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. कसलं औषध ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही. औषध म्हणजे जखम भरायचं, आणखी कसलं असणार?

परतीच्या बसमध्ये सौंसर यायच्या आतच शकुंतला म्हणाली, "नाही दुखून राहिलं, बापा!" आणि चक्क हसली. गुणवंताही हसला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

दुसऱ्या सकाळीही तेच. ती पोटभर जेवली, डाव्या हाताने केस विंचरले. आनंद मानावा की डोकं धरून बसावं, त्याला काही उमजेना. त्याने दवाखान्यात फोन लावला. मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. कंपाउंडर म्हणाला, "दुखत नाही? मग फोन काहून केला भाऊ?"

"अवं, थोडंसंही नाही? नीट पाहून सांग बरं."

"नाही म्हटलं ना! आता कुठं बरं वाटून राहिलं, तं तुमचं भलतंच. पट्टीले हात लावू नोका."

दुपारी तिचा डोळा लागला. गुणवंताने साबणाने हात धुतले आणि पट्टीचं टोक उचललं. शकुंतला हलली नाही. आणखी सोलली. तरी नाही. अर्धी पट्टी सुटून आली. खाली गुलाबी, ओलं काहीतरी होतं, त्यावरून बऱ्यावाइटाचं काही कळेना. त्याने बोटाचं टोक हळूच टेकवलं. शकुंतला शांत झोपलेली. हात गेला, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो तिथेच जमिनीवर बसून रडला.

तासाभराने ती ओरडत उठली. "माय वं! मेली वं माय!"

गुणवंता उडालाच. "दुखते? खरंच दुखते ना?" आणि तो हसायला लागला, गालावर पाणी तसंच. शकुंतलाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लोंबणाऱ्या पट्टीकडे. तिने हात त्याच्यापासून दूर ओढून घेतला, आणि ते त्याला किंकाळीहून जास्त लागलं.

पुन्हा पांढुर्णा. अमिता मॅडम चांगल्याच तापल्या. "अहो, दुखणं थांबवायचं औषध त्या पट्टीतच आहे! कातडी जिवंत आहे, मी तपासूनच लावली होती."

"मग सौंसरचे डॉक्टर खोटं बोलले का?"

"नाही, तेही खरंच. पण पट्टी असताना ती परीक्षा चालत नाही. दुखलं नाही तरी घाबरायचं नाही."

गुणवंताने मान डोलावली. त्याला पटलं होतं, पण पुरतं उमगलं होतं असं नाही. दोघांचंही खरं कसं, हे तो बसमध्ये सौंसरपर्यंत घोळवत होता. शकुंतला खिडकीकडे तोंड करून बसली होती. नव्या पट्टीखाली तिचा हात पुन्हा निवला होता.

दुसऱ्या सकाळी तो खाटेशी गेला नाही. ओट्यावर बसून राहिला, चहा निवत होता. प्रश्न जिभेवर आला आणि त्याने तो गिळला. कालच्या प्रकारानंतर विचारायचं तोंड त्याला उरलं नव्हतं.

शकुंतला बाहेर आली. त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग शेजारी टेकली.

"दुखून राहिलं," ती म्हणाली. "थोडं थोडं."

गुणवंताने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर दुखण्याची एक रेघ नव्हती, डोळे झोप झाल्यासारखे स्वच्छ. पट्टी कोपरापर्यंत जागच्या जागी होती. ती साफ खोटं बोलत होती, हे त्यालाही कळलं. तरी त्याचा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले.

"चाय घ्या आता," ती म्हणाली, "पुरी थंडी झाली."