सात दिवसांची शांत झोप

असं समज, बाळा, की तुझ्यासमोर तीन पेनं आहेत – एक निळं, एक काळं, आणि एक शाई संपत आल्यामुळे अडखळणारं – आणि रविवारी दुपारी बसून तुला सोमवारपासूनची झोप लिहायची आहे, रोजच्या रोज लिहिल्यासारखी दिसेल अशी. कुकटपल्लीतल्या चौथ्या मजल्यावर नववीतली भाग्यलक्ष्मी नेमकं हेच करत होती. मुलांचा ताण कमी व्हावा म्हणून शाळेने रोजची झोप नि मोकळा वेळ नोंदवायची ही वही दिली होती, आणि उद्या ती तपासली जाणार होती.

"झोप आठ तास," आई भेंडी चिरता चिरता म्हणाली. "पेन बदल, मंगळवार आला."

"मंगळवारी मी दोनपर्यंत जागीच होते, आई. पोट दुखत होतं."

"नक्को ते लिहू. तुझ्या वर्गातल्या सौरभने खरं लिहिलं, तर बसवला ना खालच्या सेक्शनात?"

शुक्रवार. मोकळ्या वेळात काय केलं? – शुक्रवारी नळ सोडून ती बाथरूममध्ये रडली होती, बादली भरून वाहेपर्यंत... 'चित्रकला', तिने काळ्या पेनाने लिहिलं. आई वाईट नव्हती. तिच्याही कपाळाला बाम चोपडलेला होता. पण या वहीत विद्यानगरच्या रविवारांसाठी रकाना नव्हता. दर रविवारी पाचला बाबा तिला आजोबांकडे सोडायचे, आणि मग विद्यापीठातल्या जुन्या झाडांखालून आजोबा-नात चालायचे – निवृत्त मास्तर असूनही केशवराव आजोबा मार्कांचं नावसुद्धा काढायचे नाहीत, उकडलेल्या शेंगा सोलत भलत्याच गप्पा मारायचे – आणि आठवड्यातून त्या एकाच रात्री तिला पडल्या पडल्या झोप लागायची.

फोन वाजला. "काय मास्तरीणबाई, निघालात का? मी केव्हाचा चपला घालून बसलोय!"

"आजोबा... आजपासून दर रविवारी पाचला शाळेचा ऑनलाइन क्लास आहे. ताण कमी करायचा."

"अगं, मग इतके दिवस आपण काय करत होतो?" ते हसले. एकटेच.

"हजेरी घेतात, आजोबा."

"हौ... हजेरी घेतात म्हटल्यावर..." चाळीस वर्षं त्यांनीही हजेरी घेतली होती. "बरं. मन लावून शिक हो."

पाच वाजता पडद्यावर बत्तीस चौकोन उघडले, बत्तीस पाठी ताठ झाल्या. डोळे मिटा, बाई म्हणाल्या, मनात म्हणा, मी शांत आहे. मी शांत आहे... मी शांत... पण हे कोण म्हणतंय? आजोबांना 'नाही' कोण म्हणालं? आईने तर तोंडही उघडलं नव्हतं. मीच म्हणाले, गोड आवाजात, झोप लिहिली तितक्याच सहज – आणि आता ते चपला काढत असतील, वाकून, भिंतीला हात टेकून, आणि मी इथे चेहरा गुळगुळीत करून बसलेय.

"भाग्यलक्ष्मीकडे बघा," बाई म्हणाल्या, "किती सुंदर बसली आहे."

मंगळवारपासूनची पोटातली कळ एकाएकी थांबली. तिच्या जागी काहीतरी तापत होतं, रागासारखं. तिला ते नवं होतं, आणि कुणी काढून घेऊ नये असं वाटत होतं.

"खोल श्वास घ्या," बाई म्हणाल्या. तिने घेतला.

"आता सोडा... सगळं सोडून द्या."

एकतीस जणांचे खांदे खाली आले. भाग्यलक्ष्मीने दात आवळले, आणि श्वास आत धरून ठेवला.