आत्ताच पिऊन आलो

कान्हूला रोह्याच्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा धरमतरच्या खाडीकाठी मिठाचा हंगाम ऐन भरात होता. पण मालकाने सांगून टाकलं होतं की यंदाचं मीठ शेवटचं, पावसाळ्यानंतर बांध कोणी दुरुस्त करणार नाही. बाकीचे गडी पुढच्या हंगामाला उरणकडच्या मिठागरांवर जायच्या बेतात होते. एकदा तिकडे गेलं की माणूस आठ महिने घरचं तोंड बघत नसे. कान्हूची बायको पुतळी पहिलटकरीण होती आणि घरात म्हातारी आई, इंदुबाई. रोह्याला काम लागलं असतं तर निदान सुट्टीला घरी येता आलं असतं. एवढ्यासाठीच त्याला ती नोकरी हवी होती.

नोकरीसाठी तो याआधी दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा प्रश्नांनी त्याला पाडलं होतं. पेणच्या एका गोदामात साहेबाने विचारलं होतं, तुम्ही बेडूक असता तर विहिरीत राहिला असता की तळ्यात? कान्हूने खरं ते सांगितलं, की आमच्याकडे दोन्ही खारं, बेडूक मरून जाईल. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, जगात रविवारच नसता तर तुम्ही काय केलं असतं? मिठागरावर रविवार कधी येतो आणि कधी जातो हे कान्हूच्या बापालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, मीठ ओढलं असतं. साहेब लोक हसले आणि त्यांनी त्याला वाटेला लावलं.

आता तिसऱ्या खेपेला त्याचा चुलता बाबाजी पुढे सरसावला. बाबाजीने पेणच्या एका कचेरीत शिपाई म्हणून उमर घालवली होती. साहेबांच्या दाराबाहेर बसून बसून त्याला साहेबांचं मन कळायला लागलं आहे, असा त्याचा दावा होता. त्याने कान्हूला ओटीवर बसवून दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे प्रश्न जितका सोपा, तितका त्याच्या पोटात काटा. आणि दुसरी त्याहून मोठी.

"एकदा दिलेला जबाब फिरवायचा नाय," बाबाजी म्हणाला. "साहेब तोच प्रश्न पुन्ना इचारतो. का? तू डगमगतोस का ते बघायला. तू आपला खुंट्यावानी रोवून ऱ्हा."

पुतळी दाराआडून म्हणाली, "मामंजी, खुंट्याला नोकरी कोन देईल?"

बाबाजीने ऐकलं न ऐकलंसं केलं.

इंदुबाईने पहाटे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली. कान्हू बांधावरून चालत हमरस्त्याला आला, रामवाडीला गाडी पकडली आणि नागोठण्याच्या पुढे कुठेतरी त्याने ती भाकरी खाल्ली. सुकट खारट, वरून चैत्राचं ऊन. रोह्याला उतरेपर्यंत जीभ टाळूला चिकटली होती. कारखान्याच्या फाटकाशी नळ होता. त्यातून पाणी असं गळत होतं की कान्हूला ते बघवेना. पण नळाशेजारी रखवालदार बसला होता आणि कान्हूने पाणी मागितलं नाही.

का मागितलं नाही, हे खारेपाटाबाहेरच्या, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या मुलखाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. तिकडे चहूकडे पाणी, पण पिण्याजोगं थेंबभर नाही. गोडं पाणी बायका दुसऱ्या गावच्या तळ्यावरून बांधाबांधाने डोक्यावर आणत. दारात पाहुणा आला की घरधनीण विचारणार, पाणी देऊ? आणि पाहुणा म्हणणार, नको, आत्ताच पिऊन आलो. तो कुठेही पिऊन आलेला नसे, आणि हे दोघांनाही माहीत असे. मग फारच आग्रह झाला तर तो एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवी. याला तिकडे कोणी खोटं म्हणत नसे. ही माणसाची रीत. कुणाच्या घरी घटाघटा पाणी पिणाऱ्याला लोक मागाहून नावं ठेवत आणि त्याला पोरगी देताना दहादा विचार करत.

दुपार कलल्यावर कान्हूला आत बोलावलं. टेबलामागे तिघे होते. मधले कमळाकर मोघे, कारखान्याचे मोठे साहेब. केस पिकलेले, अंगाने किरकोळ, आणि समोर काचेचा पाण्याने भरलेला जग. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाले, "उन्हातून आलात. पाणी घेणार?"

"नको," कान्हू म्हणाला. "आत्ताच पिऊन आलो."

ते तोंडातून आपसूक निघालं. निघाल्यावर त्याला बाबाजी आठवला. एवढा सोपा प्रश्न, म्हणजे पोटात काटा असणारच. आता जबाब फिरवायचा नाही.

शेजारच्या साहेबाने आधीचं काम विचारलं. कान्हू मिठाबद्दल सांगू लागला आणि दोन वाक्यांत त्याचा आवाज फाटला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. मोघे साहेबांनी पुन्हा पाणी विचारलं. कान्हूने पुन्हा नको म्हणून मान हलवली. बाबाजी म्हणाला होता तसंच चाललं होतं, साहेब तोच प्रश्न फिरून विचारत होता. खुंटा पक्का रोवलेला होता, फक्त खुंट्याला थुंकी गिळवत नव्हती.

मग साहेबांनी ग्लास काठोकाठ भरला आणि कान्हूच्या पुढ्यात सरकवला.

"तुमचं तोंड म्हणतंय पाणी नको, आणि तुमचा घसा म्हणतोय हवं," ते शांतपणे म्हणाले. "दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

असला प्रश्न बाबाजीच्या सबंध नोकरीत कुठल्या साहेबाने विचारला नसेल. कान्हू ग्लासाकडे बघत राहिला. साहेबांना राग आलेला दिसत नव्हता. ते सांगू लागले की त्यांच्या कारखान्यात औषधी द्रव्यं उकळतात, त्यांची वाफ कधी डोळ्याला लागते, कधी छातीत भरते. चांगल्या घरची माणसं भिडेपोटी म्हणतात, काही नाही, ठीक आहे, आणि घटकाभराने त्यांना उचलून बाहेर आणावं लागतं. ज्याला झोंबतं त्याने झोंबतं म्हणायला हवं. बाकी सगळं शिकवता येतं.

कान्हूने विचार केला. बाबाजीची शिकवण एका बाजूला, आईचं वळण त्याच बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पुतळी. आठ महिने उरणला राहून परत आलो तर पोर बाप म्हणून ओळखणारही नाही.

"तहान लागलीय साहेब," तो म्हणाला. "गाडीत बसल्यापासनं. फाटकाशी नळ होता, पन मागितलं नाय. आमच्याकडं आया-बाया डोक्यावरनं पानी आनतात. दुसऱ्याचं पानी प्यायचं म्हनजे कुनाच्या तरी मानेवरचं प्यायचं."

कान्हूने ग्लास उचलला आणि रिकामा केला.

"अजून?" मोघे साहेबांनी विचारलं.

"व्हय."

तोही रिकामा झाला. साहेबांनी जग पुन्हा उचलला.

"आता नको."

"हे खरं?"

"हे खरं."

कान्हूला काम लागलं. गावात आनंद झाला, पण घरात मात्र थोडी कुरकुर झाली. बाबाजीला जबाब फिरवलेला मुळीच आवडला नाही. न फिरवता याहून मोठी जागा मिळाली असती, असं तो पारावर सांगत राहिला. इंदुबाईला वेगळीच लाज वाटली.

"दोन गिलास?" ती म्हणाली. "परक्या मानसाच्या म्होरं? त्यो म्हनंल, या पोराला आयशीनं वाढवला का म्हशीनं."

ते दोन ग्लास तिच्या मनातून काही गेले नाहीत. पुतळीला मुलगी झाली, कान्हू दर सुट्टीला तिला खांद्यावर घेऊन बांधावर फिरू लागला, घराला नवी कौलं आली, तरी कारखान्याचं नाव निघालं की म्हातारी म्हणे, त्या साहेबाला एकदा मला बघू दे.

पुढच्या चैत्रात गावदेवीच्या जत्रेला कान्हूने मोघे साहेबांना बोलावलं, आणि ते खरोखर आले. जीप रस्त्याला ठेवून भर उन्हात बांधावरून चालत आले. बांध अरुंद. मागून हंडे घेतलेल्या बायकांची रांग आली तेव्हा साहेबांना खाली चिखलात उतरून वाट द्यावी लागली. त्यांत पुतळीही होती, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. ती डोळ्यांनीच हसली आणि न डुचमळवता पुढे गेली. साहेब बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले.

ओटीवर येऊन टेकले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि सदरा पाठीला चिकटला होता. इंदुबाई पदर सावरून बाहेर आली. वर्षभर वाट पाहिलेला माणूस तिने नीट न्याहाळला.

"पानी देऊ?"

साहेबांनी उंबऱ्याआड उतरवलेल्या हंड्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"नको, आई," ते म्हणाले. "आत्ताच पिऊन आलो."

कान्हूने मान दुसरीकडे फिरवली. बाबाजी खांबाला टेकून बसला होता, तो पुढे सरकला. इंदुबाई मात्र जागची हलली नाही.

"कुठं प्यालात?" तिने विचारलं. "बांधाच्या या अंगाला खाडी, त्या अंगाला मिठागर."

साहेब सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसू लागले.

बाबाजी हळूच म्हणाला, "फिरवू नका साहेब. रोवून ऱ्हावा."

इंदुबाई आत गेली आणि घासून लख्ख केलेला मोठा तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वर न बघता तळाला नेला. थोडं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. तेवढंही वाया गेलं म्हणून ते ओशाळले.

"आजून?" इंदुबाईने विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.

म्हातारीचा चेहरा फुलला. आत जाता जाता ती पुतळीला म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतो गो. आधी नाय म्हनला." आणि तांब्या पुन्हा हंड्यात बुडवला.