पाच बटणांचं जाकीट

"अगं, मी माणूस आहे की कांदा?" तोकुजीने अंगावरचा चौथा थर ओढत विचारलं. "आत लोकरीचं, वर सुती, त्यावर स्वेटर, त्यावर हे बिनबाह्यांचं जाकीट. बोटीत चढेपर्यंतच दमेन मी!"

"दमलात तर दमा, पण गारठू नका," हात्सुए म्हणाली. "एकच जाड कोट घातलात की उन्हात घाम येणार. घामावर वारा लागला की पुन्हा तो खोकला. थर असले म्हणजे काढता-घालता येतात."

वसंत नुसता नावाला आला होता. जपानच्या उत्तरेला, ओतारू बंदराच्या टेकडीवर, त्यांच्या अंगणाच्या कोपऱ्यात अजून काळपट बर्फ होतं, आणि उत्तरेच्या समुद्राचं तर विचारूच नका. सकाळी ऊन, दुपारी धुकं, संध्याकाळी हिमाची भुरभुर. उद्या निघणारी ही तीन दिवसांची बोट रिशिरी बेटाला वळसा घालून परत येणार होती. तोकुजी त्या बेटावर जन्मला. बाराव्या वर्षी बापाचं बोट धरून निघाला, तो पुन्हा कधी गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, पण हात्सुएला बाजूला घेऊन सांगितलं, "थंडी बाधली तर माझ्या हातात काही नाही. तशीही यंदाची पानगळ ते बघतील असं वाटत नाही." हे तिने नवऱ्याच्या कानावर घातलं नव्हतं.

बॅग न्यायला चार वाजता माणूस येणार होता. सामान आदल्या दिवशी पुढे जायचं, माणसं मागून हात हलवत. तिने पुन्हा एकदा सगळं तपासलं. पोटाला गुंडाळायचा लोकरी पट्टा, कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, वारा अडवणारा पातळ कोट. तिचे स्वतःचे दोन स्वेटर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

"तुझं एवढंच?"

"मला कुठे थंडी वाजते?"

"वा गं वा! लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून गार पाय माझ्या पायांना लावून झोपतेस."

"जीभ तेवढी आजारी पडली नाही तुमची!"

तो हसला. हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि जाकिटाचं वरचं बटण टपकन चटईवर पडलं.

हात्सुएने ते उचललं. दोरा अख्खाच्या अख्खा निघून आला होता आणि त्याच्या टोकाला गाठ नव्हती. तिने दुसरं बटण ओढून पाहिलं. तेही हातात आलं.

एकतीस वर्षं तिने एका छोट्या कारखान्यात मेलेल्यांना घालायचे पांढरे कपडे शिवले होते. त्या दोऱ्याला गाठ मारायची नसते. गाठ राहिली तर जाणाऱ्याचा पाय इथेच अडकतो. घरचं शिवताना मात्र ती आठवणीने गाठ मारायची, एवढ्या वर्षांत कधी चुकली नव्हती. आणि नवऱ्याच्या उबेसाठी आठवडाभर खपून शिवलेलं हे जाकीट, तेच नेमकं तसं शिवलं गेलं. आपल्याच हातांचा तिला संताप आला. मेल्यांनो, कसली एवढी घाई झाली होती तुम्हाला!

"काय झालं?"

"कुठे काय. दोरा कुजका निघाला."

"कुजका? परवा तर नवं रीळ आणलंस." तोकुजीने जाकीट उतरवून खिडकीशी धरलं. बायकोचा धंदा त्याला पाठ होता. तो बराच वेळ शिवण बघत राहिला.

"डॉक्टर तुला काय म्हणाले, ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "दवाखान्याच्या भिंती पातळ असतात."

हात्सुएला रडू फुटलं. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्याने तिला रडू दिलं, मग सुयांचा डबा पुढे सरकवला.

"ऊठ. चारला माणूस येईल."

तिने सगळी शिवण उसवली. सुईत दोरा ओवून द्यायचं काम त्याने घेतलं, डोळे अजून शाबूत होते. पुन्हा शिवताना प्रत्येक दोऱ्याला तिने दुहेरी गाठ मारली, पाचही बटणं नव्याने लावली. त्याने शेवटचं बटण जोर लावून ओढून पाहिलं.

"याला बोट बांधली तरी सुटायची नाही." मग जाकीट अंगात चढवत तो म्हणाला, "हे बघ, माझं ते पांढरं तूच शीव. दुसऱ्या कुणाच्या हातचं नको. त्याला गाठ मारू नकोस."

"नाही मारणार," ती म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

चारच्या ठोक्याला माणूस आला. टोपी काढून वाकला, बॅग उचलून वजनाचा अंदाज घेतला.

"नुसती पोचवायची, की परत घरीही आणायची?"

"परत आणायची," हात्सुए म्हणाली. चिठ्ठीवर परतीची तारीख तिने स्वतःच्या हाताने ठळक लिहिली, ती बॅगेच्या मुठीला बांधली, आणि गाठ घट्ट बसली ना, ते दोनदा ओढून पाहिलं.