अर्ध्या पानाचा गुरू

थोरल्याने गुरू केला तो वाळवंटातला. शेकडो वर्षांपूर्वी मेलेला, म्हणजे उलट बोलायची भीती नाही.

चर्चच्या वाचनमंडळाचा नेमच होता तसा. प्रत्येकाने जुन्या काळच्या एखाद्या ख्रिस्ती शिक्षकाला वर्षभर गुरू मानायचं, जमेल तेवढं त्याच्या सांगण्याप्रमाणे वागायचं आणि पाळी आली की त्याचं एक पान सगळ्यांना वाचून दाखवायचं. थोरल्याने आधी एक बिशप धरला. बिशपने उपासाचा विषय काढला आणि थोरल्याला एकाएकी आपलं पित्त आठवलं. मग मठातली एक बाई धरली. तिचं म्हणणं, दारात आलेल्याला मोजमाप न करता द्यावं. बेकरीवाल्याला हे परवडणार कसं? तिलाही निरोपाचा नारळ मिळाला. वाळवंटातला तपस्वी मात्र मनासारखा निघाला. तो म्हणायचा, जीभ आवर, गप्प राहा.

थोरल्याला नेमकं गप्पच राहायचं होतं.

त्याचं असं झालं. मागच्या आठवड्यात पावांचा अख्खा घाणा जळला. काउंटरवर रांग लागलेली, आणि तिच्यादेखत थोरला धाकट्या भावावर कडाडला, "भट्टी सांभाळता येत नाही आणि म्हणे भागीदार!" भट्टीचा काटा घाईघाईत वर फिरवून सांगायला विसरला होता थोरला स्वतःच. हे त्याला दुपारी आठवलं. पण तोवर ओरडून झालं होतं, आणि थोरलेपणाच्या हिशेबात माफीचं खातं त्याने कधी उघडलंच नव्हतं. धाकटा एवढंच म्हणाला, "महिनाअखेरीस मी चाललो."

धाकटा गेला की बेकरीचे हातच गेले. पीठ कधी फुगून तयार झालं ते त्याच्या बोटांना कळायचं. थोरला घड्याळ बघून सांगायचा, आणि पीठ काही घड्याळ बघत नाही.

"अहो, बोला ना भाऊजींशी," बायको म्हणाली.

"मौन चाललंय माझं."

"काल मैद्याच्या व्यापाऱ्याशी तासभर भांडलात, तेव्हा कुठे गेलं होतं?"

"तो व्यवहार होता. तुला अध्यात्मातलं काय कळतंय?"

"अध्यात्मातलं नाही कळत. रुसव्यातलं कळतं. एवढी वर्षं तुमच्याबरोबर काढलीत."

रविवारी उपासनेनंतर चर्चशेजारच्या खोलीत मंडळ जमलं. धाकटाही आला आणि दाराजवळची खुर्ची धरून बसला. त्या दिवशी पाळी थोरल्याची होती. त्याने खड्या आवाजात मौनाची महती वाचली, अधूनमधून दाराकडे अर्थपूर्ण पाहिलं आणि अर्ध्या पानावर पुस्तक मिटलं.

मंडळाच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त नर्सबाई. रोग्याने औषधाचा शेवटचा थेंब गिळेपर्यंत खाटेपासून हलायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

"पान संपलं?"

"मुद्दा संपला, बाई."

"मुद्दा तुमचा. पान त्यांचं. पुरं करा."

पुढचं अर्धं पान थोरल्याने खरोखरच वाचलेलं नव्हतं. मनासारखं सापडल्यावर पुढे कोण वाचतो? त्याने पुस्तक उघडलं. कुणीतरी तपस्व्याला विचारलं होतं, तू मौन कुठे शिकलास? तपस्वी म्हणाला, "रागाच्या भरात मी एका बंधूचा चारचौघांत अपमान केला. त्याच चौघांसमोर मी त्याची क्षमा मागितली. तेव्हापासून मला माझ्या जिभेची धास्ती वाटू लागली. क्षमा मागण्याआधी जो गप्प बसतो, त्याचं मौन म्हणजे दम खायला बसलेला रागच."

आवाज ओळीओळीने खाली येत गेला. शेवटची ओळ गाळावी असं थोरल्याच्या मनात येऊन गेलं, पण बाईंच्या मांडीवर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत उघडी होती आणि त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. त्याने वाचली. मग पुस्तकातच बघत म्हणाला,

"भट्टीचा काटा मी फिरवला होता."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तिथे आपण दोघंच होतो, आणि मी फिरवला नव्हता."

"मग बोलला का नाहीस?"

"चिडलो होतो, दादा. मी काही मौन वगैरे पाळत नव्हतो."

खोलीत खसखस पिकली. थोरल्याला वाटलं, मिटलं. तो हसणार एवढ्यात धाकटा उठला. "पण बोललास ते गिऱ्हाइकांसमोर. सांगायचं तर तिथे सांग."

सकाळी बेकरी उघडली. गर्दी ओसरली की सांगू, असं थोरल्याने मनाशी ठरवलं. पण गर्दी कसली ओसरते! रांग वाढतच चालली तसा त्याने घसा खाकरला.

"मागे पाव जळले ते माझ्या चुकीने. धाकट्यावर मी उगाच ओरडलो."

पृथ्वी काही दुभंगली नाही. रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या एका बाईंनी पिशवी पुढे केली. "बरं. आजचे जळले नाहीत ना? मग द्या चार."

धाकटा आतून ट्रे घेऊन आला होता. त्याने ऐकलं होतं.

"राहतोस मग?" थोरल्याने हळूच विचारलं.

"एवढ्यावर? आणखी महिनाभर बघतो."

धीर धरण्यावरचं तपस्व्याचं एक वचन थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बघ," तो म्हणाला, आणि चार पाव पिशवीत घालू लागला.